बाईने घेतलेली सात वर्षं

आमच्या प्रार्थनाघरात वाचन कसं चालतं ते आधी सांगतो, कारण पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

पत्र्याची एक खोली आहे. आसपासच्या गावांतली मोजकीच घरं रविवारी तिथं जमतात. पाळकसाहेब कारंज्याहून महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी शास्त्र मी वाचतो. मी शेलूबाजारच्या बाजूला एका शाळेत शिकवतो, न अडखळता वाचू शकतो, एवढीच माझी लायकी. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नाही, म्हणून वर्गातली सवय मी तिथं नेली. एक तुकडा वाचायचा, थांबायचं, प्रश्न विचारायचा. लोक एका सुरात उत्तर देतात. म्हाताऱ्यांना हे फार आवडतं. आपल्यालाही शाळा मिळाली असं त्यांना वाटत असावं.

त्या पावसाळ्यात वाचत वाचत आम्ही जुन्या करारातल्या त्या भागापाशी आलो, जिथं राजे अजून व्हायचे आहेत आणि इस्राएल लोक पुन्हा पुन्हा परक्यांच्या हाती पडतात. हा भाग प्रश्नोत्तरांसाठी जणू बनवलेलाच आहे. तीच गोष्ट फिरून फिरून येते.

"इस्राएल लोकांनी काय केलं?"

"वाईट केलं!"

"मग देवानं काय केलं?"

"दुश्मनाच्या हाती इकलं!"

"किती वर्षं?"

इथं उत्तर दर वेळी वेगळं असायचं. कधी आठ, कधी अठरा, कधी वीस. मवाबी, कनानी, मिद्यानी, पलिष्टी. मुलं पाढे म्हणतात तशी माणसं वर्षं म्हणायची. माझी मोठी बहीण पहिल्या रांगेत बसायची आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. तिला मी बाई म्हणतो. ती मला बाबू म्हणते. माझे केस पिकले तरी तिचा बाबू काही मोठा झाला नाही.

बाई माझ्याच घराच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहते. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा काळीपिवळी जीप चालवायचा, शेलूबाजार ते कारंजा. त्या रविवारांच्या आदल्या वर्षी एका ट्रकनं त्याची जीप उडवली. दवाखान्यातून त्याला ताब्यात मी घेतलं. सह्या मी केल्या. माती देताना खड्डा दोन हात आखूड खोदलाय हे माझ्याच लक्षात आलं आणि तो वाढवून घ्यायलाही मीच सांगितलं. रडलो नाही. भाचा होता, पण मांडीवर वाढवलेला होता. मला वाटलं, रडू मागाहून येईल. आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, नववीला बहुपदींचा भागाकार शिकवला, आणि मुलांनी नेहमीसारखा दंगा केल्यावर नेहमीसारखा ओरडलो. तेव्हापासून माझ्या आत काहीतरी पत्र्यासारखं झालं आहे. वाजतं, पण त्याला काही लागत नाही.

असा माणूस मवाबी लोकांची अठरा वर्षं वाचत होता. वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, ती इथं लिहून ठेवतो. अठरा वर्षं एका ओळीत संपतात. त्यांनी त्या राजाची चाकरी केली, एवढंच. पुढं सोडवणारा येतो, त्याची तलवार किती लांब होती, कुठं बांधली होती, सगळं सविस्तर आहे. पण त्या अठरा वर्षांत सकाळी उठून माणसं काय करत होती, कोणाची लग्नं झाली, कोणाची लेकरं गेली, याचा शब्द नाही. मला ते बरं वाटलं. आपल्या वर्षाबद्दलही कोणी काही विचारू नये असं मला वाटत होतं.

त्या दिवशी उपासना संपल्यावर बाई माझ्याबरोबर घरी चालत आली. वाटेत म्हणाली, "बाबू, सगळ्यात कमी किती वर्स होते?"

"कशाचे?"

"दुश्मनाच्या हाताखाली. मवाबी अठरा झाले. त्याच्याहून कमी कोनाचे?"

मी आठवलं. "पुढं मिद्यानी येतात, त्यांची सात."

"सात," ती म्हणाली. "सात ठीक हाये."

मला वाटलं तिला गोष्टीचं कुतूहल आहे. मी शिक्षक आहे, कोणी प्रश्न विचारला की मला बरं वाटतं. मी पुढं पलिष्ट्यांची चाळीस वर्षंही सांगितली. "चाळीस नोको बाप्पा," ती हसून म्हणाली. त्या वर्षात ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, म्हणून ते लक्षात राहिलं.

त्यानंतर बाई अनवाणी फिरू लागली. चप्पल दाराशी पडलेली असायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पायाले आग होते चपलीनं." तिला शुगर आहे, शुगरवाल्यांच्या पायांची आग होतेच. मी पुढं काही विचारलं नाही.

सोयाबीन निघालं. बाईचा दीड एकर आहे, मजुरांबरोबर ती स्वतः उभी असते. सोयाबीन कापल्यावर जमिनीत जे बोटभर धसकट उरतं ते सुरीसारखं असतं, आमच्याकडं बूट नसलेला माणूस त्या वावरात पाय ठेवत नाही. बाई सात-आठ दिवस त्यात अनवाणी फिरली. मजूर बायांनी तिला टोकलं असेल. तिनं त्यांनाही काहीतरी सांगितलं असेल.

एका दुपारी माझ्या बायकोनं मला शाळेतून फोन करून बोलावून घेतलं. बाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. उजव्या पायाच्या तळव्यात, अंगठ्याखाली भोक पडलं होतं आणि अंगठा काळसर झाला होता. वास येत होता. बायकोनं शुगरच्या गोळ्यांची पाकिटं माझ्यासमोर ठेवली. एकाचीही चांदी फोडलेली नव्हती.

"बाई, गोळ्या काहून नाही घेतल्या?"

"बंद केल्या."

"कोणाला विचारून?"

"विचाराचं काय त्यात? सात वर्स हायेत. त्यातलं अजून एकबी नाई झालं."

मग तिनं सांगितलं. अगदी सरळ, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. पोरगा चार वर्षांचा असताना त्याला झटके यायचे. तेव्हा ती त्याला दुसऱ्या एका दैवताच्या ठाण्यावर घेऊन गेली होती आणि गंडा बांधून आणला होता. बाप्तिस्मा झालेला असताना. ते मी विसरून गेलो होतो, घरातले सगळेच विसरले होते. ती विसरली नव्हती. आणि आता रविवारमागून रविवार तिनं माझ्या तोंडून ऐकलं होतं की लोकांनी दुसऱ्या दैवतांच्या मागं जाऊन वाईट केलं, म्हणून देवानं त्यांना विकलं. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं. पोरगा का गेला? वाईट केलं म्हणून. मग आता काय? मग वर्षं भरायची. चप्पल नाही, गोळी नाही, संध्याकाळची भाकर नाही. सात वर्षं पुरी झाली की देव ऐकेल. काय ऐकेल, ते तिनं सांगितलं नाही. पोरगा तर परत येणार नव्हता.

हे सगळं ऐकून मी "बरं" म्हणालो.

मला हे लिहिताना जड जातं. दुसरं काही म्हणता आलं असतं. ओरडता आलं असतं, रडता आलं असतं, तिचे पाय धरता आले असते. मी "बरं" म्हणालो आणि पाण्याचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला. आणि याहून वाईट म्हणजे, आत जाताना मला वाटलं की तिचा हिशेब चूक कुठं आहे ते मला दाखवता येणार नाही. मीच तर शिकवला होता.

शेलूबाजारच्या डॉक्टरनं पाय पाहून सांगितलं की वाशीमला न्या, आठवडा घालवलात तर अंगठ्यावर भागणार नाही, पाय जाईल. बाई त्याच्यासमोर मान हलवत राहिली आणि घरी येऊन म्हणाली, "मी कुठंच येत नाई."

आमच्या शेजारी एक माझ्याच वयाचा माणूस आहे, पंचायत समितीत नोकरीला. बौद्ध आहे. त्याच्याकडं छोटी व्हॅन आहे, गावात कोणाचंही दवाखान्याचं काम निघालं की तोच गाडी काढतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो व्हॅन दारात लावून आला.

"चाला मोठ्याबाई, वाशीमची हवा खाऊन येऊ."

"तू जा. मले दवाखाना नाई."

"काहून? पैसे मागतो का मी तुले? नाश्ता बी मीच खाऊ घालतो."

"देवानं देलेली शिक्षा हाये रे. ती दवाखान्यात उतरत नाई."

तो माझ्याकडं बघू लागला. मी थोडक्यात सांगितलं. तो खाटेच्या कडेवर बसला आणि जरा वेळ व्हॅनची किल्ली बोटात फिरवत राहिला.

"मोठ्याबाई, तुमच्या देवानं तुले इकलं म्हन्ते तू. भाव तरी काय आला?"

बाई हसली नाही. त्यालाही हसायचं नव्हतं बहुतेक. मग तो माझ्याकडं वळून हळू म्हणाला, "मास्तर, माझ्या आज्याले बी हेच सांगत होते. गावाच्या बाहेर काहून राह्यतं? मागच्या जन्मी वाईट केलं म्हनून. विहिरीवर काहून चढू देत नाई? वाईट केलं म्हनून. आज्यानं ते छप्पनमध्ये फेकून देलं. तुमी काहून उचलून आनलं?"

मी म्हणालो, "ते वेगळं आहे."

"असंन," तो म्हणाला. "तुमी वाचेल हा. मी नाई वाचेल." आणि उठून गेला. व्हॅन मात्र त्यानं आमच्याच दारात ठेवली, किल्लीसकट.

वेगळं कसं आहे याचा मी दिवसभर विचार केला. शास्त्रात विकले गेलेले लोक स्वतःची गोष्ट स्वतः सांगतात, आपणच चुकलो असं स्वतः म्हणतात. त्याच्या आजाला ते दुसऱ्यांनी सांगितलं होतं, आणि सांगणारे विहिरीवर बसले होते. हा फरक खरा आहे असं मला अजूनही वाटतं. पण बाईच्या बाबतीत सांगणारा कोण होता? मी. आणि माझे दोन्ही पाय धड होते.

डॉक्टरनं दिलेल्या त्या आठवड्यात मधे एक रविवार होता. वाचन मिद्यानी लोकांवर आलं होतं, ज्यांची सात वर्षं तिनं घेतली होती. मला तो भाग टाळता आला असता, स्तोत्र वाचता आलं असतं. पण लोकांना क्रम माहीत असतो, आणि मला वाटलं की टाळलं तर बाईला कळेल. तिला दोघांनी धरून आणलं, नेहमीच्या जागी बसवलं, पायाला फडकं बांधलेलं.

मिद्यानी लोक पेरणी झाली की यायचे. गुरं, तंबू, अगणित उंट. टोळासारखे. देशात धान्याचा दाणा ठेवायचे नाहीत, मेंढरू ठेवायचे नाहीत, गाढव ठेवायचे नाहीत. माणसं डोंगरातल्या कपारींत लपून राहायची. उंट म्हटल्यावर मागून एक म्हातारा बोलला, "काठेवाडी आले म्हना की!" आमच्याकडं दरवर्षी काठेवाडी मेंढपाळ उंट घेऊन येतात आणि मोकळ्या वावरांत उतरतात. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, "ते बिचारे खत देऊन जातेत. हे खाऊन जात." माणसं हसली.

मी ठरवलं होतं की आज प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं वाचून जायचं. "इस्राएल लोकांनी परमेश्वराच्या नजरेत जे" एवढं वाचून मी श्वास घेतला, आणि सवयीनं सगळ्या खोलीनं म्हटलं, "वाईट केलं!"

मी विचारलं नव्हतं. तरी पुढचंही त्यांनीच म्हटलं. "दुश्मनाच्या हाती इकलं!" आणि मग, "सात वर्स!" बाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तापानं तिचा चेहरा लाल झाला होता. लहान मुलाला कविता पाठ आल्यावर तो जसा आईकडं बघतो तशी ती माझ्याकडं बघत होती.

मी पुढचा सगळा अध्याय एकही विराम न घेता वाचून टाकला.

घरी आल्यावर मी तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. बायको आत भाकरी करत होती. मी म्हणालो, "बाई, आज वाचलं त्यातलं एक पुन्हा सांगतो."

"ऐकलं ना मी."

"ऐक. तो जो माणूस पुढं त्यांना सोडवतो, तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा काय करत असतो?"

तिला प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय होती. "गहू झोडपून राह्यला असते. द्राक्षाच्या कुंडात. लपून."

"सातवं वर्ष संपलं होतं का तेव्हा?"

"नाई."

"मिद्यानी होतेच?"

"होते तं. म्हनूनच लपला ना तो."

"मग शिक्षा चालू होती. तरी तो गहू का झोडपत होता?"

तिनं पायावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "खायले."

"कोणाला?"

"घरच्याईले." मग जरा रागानं, "तू मले येडी समजून राह्यला का? भाकर खा म्हन्तं ना, सिद्धं म्हन."

"भाकर खा. गोळी घे. वाशीमला चल. देवानं त्यांना विकलं होतं असं म्हणतात, तरी ते उपाशी बसले नाहीत. धान्य लपवून ठेवत होते, कपारीत राहत होते, जगत होते. कोणी येऊन त्या माणसाला असं म्हणालं नाही की तुझी शिक्षा चालू आहे, तू गहू कसा खातो."

"देवदूत आला ना त्याच्यापाशी. त्यानं काय म्हनलं?"

"त्या माणसानंच आधी विचारलं. देव आमच्यासंगं असेल तर हे सगळं आमच्यावर का आलं?"

बाई उठून बसायला लागली. मी तिच्या पाठीमागं उशी लावली. "मंग? काय सांगलं त्याले?"

"काही नाही सांगितलं."

"काहीच नाई?"

"का आलं ते नाही सांगितलं. तुझ्यात जेवढा जोर आहे तेवढा घेऊन जा, म्हणाला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं मी जिंकलो. मग ती म्हणाली, "पर त्याच्या आधी एकजन आलता. संदेष्टा. त्यानं तं सांगलं का तुमी ऐकलं नाई म्हनून."

खरं होतं. तो तुकडा मी मुद्दाम गाळला होता, तिच्या लक्षात नसेल अशा भरवशावर. शाळेत मुलांनी असं केलं तर मी त्यांना उभं करतो.

"हो," मी म्हणालो. "आला होता."

"मंग कोनाचं खरं?"

"मला माहीत नाही, बाई."

"तू वाचतं दर रयवारी आन तुले माईत नाई?"

"नाही माहीत. मी नुसतं वाचतो. पोरगा गेल्यापासून मला आत काहीच लागत नाही. देव आहे असंही वाटत नाही आणि नाही असंही नाही. तुझा गंडा चुकला का, मला माहीत नाही. ट्रकवाल्याला झोप लागली होती, एवढं पोलिसांनी सांगितलं, एवढं माहीत आहे. आणि तू गेलीस तर," मी इथं थांबलो, कारण पुढं काय वाटेल ते मला खरंच माहीत नव्हतं. कदाचित काहीच वाटणार नाही. आणि त्याची मला भीती वाटली. त्या वर्षातली ती पहिली गोष्ट होती जी मला वाटली. "तू गेलीस तर मी तुलाही माती देईन आणि खड्ड्याची लांबी बघत उभा राहीन," मी म्हणालो. "मला तसं करायला लावू नको."

आत तव्यावर भाकर करपल्याचा वास आला. बायको ऐकत होती हे तेव्हा कळलं.

फडक्यावर माशी बसत होती, ती बाई हातानं हाकलत राहिली. शेवटी म्हणाली, "शिक्षा हाये ते हायेच. ते तू पुसून टाकशीन तं पुसनार नाई."

"नाही पुसत."

"पर त्याईनं बी गहू खाल्ला."

"खाल्ला."

"जा, त्याले बोलाव गाडी काढाले. आन त्याले सांग, नाश्ता देतो म्हने तो. भजे पायजेत."

शेजाऱ्यानं खरंच मालेगावच्या फाट्यावर गाडी थांबवली आणि भजी आणली. बाईनं दोन खाल्ली. शुगरमध्ये खायची नसतात, पण कोणी काही म्हटलं नाही.

वाशीमच्या दवाखान्यात अंगठा काढावा लागला. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं आधी आला असता तर अंगठाही राहिला असता. तो थोडा वेळ म्हणजे माझ्या "बरं"नंतरचे दिवस, हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना धन्यवाद दिले.

दुसऱ्या सकाळी पट्टी बदलायला एक तरुण नर्स आली. आमच्याच भागातली असावी, बोलणं तसं होतं. पट्टी सोडता सोडता तिनं विचारलं, "आजी, कायनं झालं एवढं?"

मी खिडकीशी उभा होतो. बाईनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ती तिलाही सगळं सांगणार, गंडा, सात वर्षं, विकणं. ते तिनं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

"सोयाबीनचं धसकट रुतलं, पोरी," बाई म्हणाली.

"चप्पल नव्हती का पायात?"

"नव्हती."

"काहून?"

बाईनं पायाकडं पाहिलं. "घातली नव्हती," ती म्हणाली. "दुखते ना वं, पट्टी हळू सोड."